सांधा कोणी हलवला?

आमच्या परसातली आगगाडी पहिल्यांदा घसरली ती एका गोगलगायीमुळे, पण चौकशी झाली ती माझी.

'रुळांना शेवटचा हात कोणाचा लागला?' यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

मी पोळ्या लाटत होते. दोन्ही हात कणकेने भरलेले, म्हणजे पुरावा माझ्याच बाजूचा होता. तरी मला बाहेर नेऊन आडवा पडलेला डबा दाखवण्यात आला. पावसाचे दिवस. रुळावरून निवांत निघालेली गोगलगाय चाकाखाली सापडली होती आणि शेवटचा डबा तिच्यावर चढून कलंडला होता. हे उकिडवे बसून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग मान वर करून म्हणाले, 'हिला इथे आणून ठेवलं कोणी?'

'हे' म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायला मी लाजते असं कोणी समजू नये. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं आहे, भर वर्गात मोठ्या आवाजात बोलायची मला सवय आहे. पण लग्नानंतर तोंडात बसलेलं 'हे' आता निघत नाही, तेव्हा इथेही राहू दे.

यांची नोकरी खडकीच्या एका कारखान्यात, तपासणी खात्यात झाली. समोर आलेला प्रत्येक नग चुकीचाच आहे असं धरून चालायचं आणि तो बरोबर निघालाच, तर नाइलाजाने पुढे पाठवायचा, हे यांचं काम. ते यांनी इतक्या मनापासून केलं की घरी आल्यावरही थांबवता आलं नाही. भाजीवाल्याची जुडी, दूधवाल्याचं माप, माझी आमटी, सगळं तपासणीतून जायचं. मीही काही कमी नव्हते. परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण मला लागलं की मुलांची तोंडं उतरायची, कारण बाकाखाली गेलेला हात मला वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. आमच्या पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींनी हा गुण मोजला होता की नाही कोण जाणे, पण जुळला मात्र पुरेपूर.

यांच्या निवृत्तीनंतर आम्ही सदाशिव पेठेतली जागा सोडून वारज्याला बैठं घर बांधलं. तेव्हा तिकडे शेतं होती, रस्त्यावर बैलगाडीही दिसायची. ज्यांच्याकडून जमीन घेतली ते शेतकरी शेजारीच राहायचे. सगळा गाव त्यांना आबा म्हणायचा, आम्हीही म्हणू लागलो. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीवर कोपर टेकून आबा रोज संध्याकाळी उभे राहायचे. यांना ते 'सायेब' म्हणायचे आणि मला 'वैनी'.

आगगाडी आली ती परदेशी राहणाऱ्या मुलीमुळे. वडलांना वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून एका सुट्टीत ती इंजिन आणि चार डबे घेऊन आली. इंजिन पाट्यावरच्या वरवंट्याएवढं, आत बॅटरी, बटण दाबलं की चालायचं. मला वाटलं, हे दोन दिवस बघतील आणि माळ्यावर टाकतील. यांनी परस मोजायला घेतलं. मग खडी आली, विटांचा चुरा आला, रूळ आले. मागच्या दारापासून निघून कढीलिंबाला वळसा घालून, शेवग्याच्या मागून, जुन्या कौलांच्या बोगद्यातून, मोरीच्या पाटावरच्या पुलावरून गाडी पुन्हा मागच्या दाराशी यायची. आणि मधेच एक फाटा निघायचा, तो नारळाच्या आळ्यापर्यंत. त्या फाट्यावरून हे मालगाडीने नारळाला शेंगदाण्याची पेंड पोचवत. हातात नेऊन टाकली तर एका मिनिटाचं काम, पण तसं बोलायची सोय नव्हती.

जिथे तो फाटा फुटायचा तिथे रुळांची हलती पात होती आणि ती इकडून तिकडे करायला लोखंडी दांडा. हा दांडा यांनी स्वतः कानसून, घासून बनवला होता. आधी खिट्टी वर उचलायची, मग दांडा जोर लावून ओढायचा, की गाडीचा रस्ता बदलला. मी त्याला खटका म्हणायचे.

'खटका दिव्याचा असतो,' हे म्हणायचे. 'रेल्वेत याला सांधा म्हणतात.'

'सांधे माझ्या गुडघ्यांत आहेत तेवढे पुरेत. हा खटकाच.'

'मराठीच्या बाई आहात आपण. नेमका शब्द वापरावा.'

मला चिडवायचं असलं की हे मला 'आपण' म्हणतात. मग मीही मुद्दाम, पाहुण्यांसमोरसुद्धा, खटकाच म्हणायचे आणि हे दर वेळी, न चुकता, बोलणं तोडून 'सांधा' अशी दुरुस्ती करायचे. आमच्या संसारात प्रेमाचं बोलणं फार झालं नाही. जे झालं ते साधारण या जातीचं.

अपघात पुष्कळ झाले. एकदा शेवग्याची वाळलेली शेंग बरोबर रुळांवर आडवी पडली आणि इंजिनाने तिच्यापुढे लोटांगण घातलं. एकदा बोगद्यात बेडूक बसला होता. वैशाखात रूळ तापून मधेच कमानीसारखे वर उचलले गेले. रूळ जोडताना फट ठेवायची राहिली होती, पण चौकशीअंती चूक उन्हाची ठरली. सगळ्यांत गाजला तो पापड्यांचा अपघात. मी जुन्या सुती साडीवर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. वाऱ्याने साडीचं टोक रुळावर गेलं, ते चाकात अडकलं आणि गाडी माझं अख्खं वाळवण गुंडाळत शेवग्याच्या दिशेने निघाली. मी मागून धावते आहे, हे बटणाचा शोध घेत आहेत आणि भिंतीवर आबा पोट धरून हसत आहेत.

'रुळांच्या हद्दीत वाळवण घातलं कोणी?' यांनी विचारलं.

'हद्दीत गाडी आली, वाळवण नाही आलं,' मी म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी पापड्या झाल्या नाहीत.

हे सगळे साधे, सरळ अपघात. कारण सापडायचं, दोन दिवस वाद चालायचा, गाडी पुन्हा धावायची. मग काही वर्षांनी दुसऱ्या जातीचे अपघात सुरू झाले.

गाडी मुख्य रुळांवरून जायची ती अचानक फाट्यावर शिरायची आणि थेट नारळाच्या आळ्यात, चिखलात, नाक खुपसून पडायची. एकदा झालं, सोडून दिलं. पुन्हा झालं. मग आठवड्यात दोनदा. हे चिखलातून इंजिन काढायचे, फडक्याने पुसायचे आणि दांड्यापाशी जाऊन उभे राहायचे. दांडा फाट्याच्या बाजूला असायचा.

'हा आपोआप हलत नाही,' हे म्हणायचे. ते खरंच होतं. मांजराने, मुंगसाने, कावळ्याने हलवावा असा तो नव्हताच. खिट्टी उचलायला हात लागतो, बोटं लागतात. म्हणजे कोणीतरी आत येऊन, जाणूनबुजून, आमची गाडी आळ्यात पाडत होतं.

मला मान्य करावं लागेल की सुरुवातीला मलाही या तपासात गोडी वाटली. बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एका बाजूला होतो. भांड्यांना येणाऱ्या बाईंवर हे घसरले. मी म्हटलं, त्यांना कंबर वाकवून आपली कढई घासायचा कंटाळा, त्या कशाला तिथे वाकतील? तरी यांनी त्यांना परसात यायची बंदी केली आणि माझी भांडी घरातल्या मोरीत घासली जाऊ लागली. मग गॅसचा सिलिंडर आणणारा झाला, मीटर बघायला येणारा झाला. मीही आपली दुपारी पडद्याआडून परस न्याहाळत बसायचे. कोणी यायचं नाही, आणि गाडी आळ्यात जायची थांबायची नाही. कोणीतरी ताकास तूर लागू देत नव्हतं.

एका सकाळी मी गवार मोडत बसले होते. बाहेर ओळखीचा धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ यांची हाक आली.

'अगं, हा खटका कोणी हलवला?'

मी शेंग हातात धरून तशीच बसले. आधी वाटलं, चिडवताहेत. वाट पाहिली. आता स्वतःच दुरुस्ती करतील, 'सांधा' म्हणतील. यांनी पुन्हा हाक मारली. 'अगं, खटका! तुझा हात लागला का खटक्याला?'

आवाजात चेष्टा नव्हती. माणूस शब्द शोधायला गेला होता आणि त्याला आपला सापडला नव्हता, बायकोचा सापडला होता. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा. इतकी वर्षं मी ज्या शब्दासाठी बोलणी खाल्ली तो या माणसाने स्वतःहून उच्चारला, तर खरं म्हणजे मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

त्यानंतर मी पाळत ठेवली, पण आता परसावर नाही.

दुसऱ्या दिवशी यांची आंघोळ चालू असताना मी बाहेर जाऊन दांड्याला आणि खिट्टीला पांढऱ्या रांगोळीचं बारीक बोट लावून ठेवलं. दांडा मुख्य रुळांच्या बाजूला आहे हे दोनदा बघितलं. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. हे आले. नेहमीसारखी रुळांवरची पानं वेचली. दांड्यापाशी गेले, खिट्टी उचलली, दांडा फाट्याच्या बाजूला ओढला. नारळाला पेंड न्यायची असेल. मग काहीतरी आठवल्यासारखे आत आले, चष्मा पुसला, माझ्याकडून चहा घेतला, तो उभ्याउभ्या प्यायले आणि बाहेर जाऊन सरळ गाडी सुरू केली. पेंड नाही, काही नाही. रिकामी गाडी कढीलिंबाला वळसा घालून आली आणि नारळाच्या आळ्यात गेली.

हे दांड्याशी धावले. दांडा बघितला आणि मग स्वतःची बोटं बघितली. त्यांवर रांगोळी होती. आता कळणार, मला वाटलं.

हे खिडकीपाशी आले आणि मला बोटं दाखवत म्हणाले, 'हे बघ! हलवणाऱ्याने पूड लावून ठेवली आहे दांड्याला. बघ, माझ्या हाताला लागली.' चेहऱ्यावर आनंद होता. पुरावा मिळाला होता.

आता काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. यांचे थोरले बंधू पेठेत राहायचे. शेवटच्या वर्षांत त्यांना स्वतःचं घर ओळखू येईना. शेजारच्या जिन्याने वर जायचे आणि दार का उघडत नाही म्हणून लोकांवर ओरडायचे. गल्लीतली माणसं आधी हळहळली, मग हसू लागली. आम्ही त्यांना भेटून परतत होतो तेव्हा हे रिक्षात म्हणाले, 'माझं असं झालं तर मला कळू देऊ नकोस.' मी म्हटलं, भलतंसलतं बोलू नका. हे म्हणाले, 'चूक झालेली चालेल मला. ती माझी आहे हे कळलेलं चालणार नाही.' तपासणी खात्यातला माणूस. त्याने आयुष्यात एवढीच एक गोष्ट माझ्याकडे मागितली होती.

आणि तरी डॉक्टरांना दाखवायला तर हवं होतं. मी एकदा आडून विचारून बघितलं, की आपण दोघंही जरा डोक्याची तपासणी करून घेऊ या का, हल्ली सगळेच करतात. हे हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. 'माझ्याकडून काही चुकलं का?' मी म्हटलं, छे. 'मग कशाला?' त्या दिवशी हे नीट जेवलेच नाहीत. मी तो विषय सोडला आणि कानाला खडा लावला.

तपास मात्र चालूच होता आणि तो सरकत सरकत आबांपर्यंत पोचला. भिंत कमरेएवढी, आबा रोज तिथे उभे, जमीन मूळची त्यांची. यांना एवढं पुरलं. यांनी पुठ्ठ्यावर काळ्या अक्षरात पाटी रंगवली. 'रुळांना हात लावू नये. लावल्यास कळते.' ती भिंतीवर लावली आणि तोंड केलं आबांच्या घराकडे.

संध्याकाळी आबा आले, चष्मा लावून पाटी वाचली. परत वाचली.

'सायेब, ह्या पाटीचं त्वांड आमच्याकडं का हाय?'

'ज्याला लागू असेल त्याच्याकडे आहे.'

'म्हंजी आमी तुमची गाडी पाडतो व्हय?'

'मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही.' पेठेतली माणसं भांडताना आवाज चढवत नाहीत. 'आपण स्वतःहून विचारताय, यावरून काय ते समजतं.'

आबांचा चेहरा लाल झाला. 'अख्खं वावर दिलं तुमाला. त्यातला एक खडा माघारी मागितला का कधी? आन आता चोरासारखा येऊन तुमच्या खेळण्याला हात लावीन? ऱ्हावा तुमी तुमच्या गाडीसंगट. आमी न्हाई यायचो हिकडं.'

आबा वळले. यांना त्या घटकेला आबांशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मुलगी लांब, पेठेतले मित्र एकेक करून कमी झालेले. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून 'काय म्हंती गाडी?' म्हणणारा तो एक माणूस जात होता आणि तोही न केलेल्या गोष्टीसाठी. मी ओल्या हातांनी बाहेर आले.

'थांबा आबा,' मी म्हटलं. 'खटका मी हलवते.'

दोघेही माझ्याकडे बघू लागले.

'तू?'

'झाडताना. खाली पानं अडकतात ना, म्हणून हलवते. आणि परत फिरवायचं राहून जातं. विसरते मी.'

'मग इतके दिवस बोलली का नाहीस?'

'तेही विसरते.'

मी इतकं वाईट खोटं बोलले की वर्गातल्या एखाद्या मुलीने हे उत्तर दिलं असतं तर तिला मी उभं केलं असतं. पण यांनी माझ्याकडे बघितलं ते वेगळ्याच नजरेने. रागावले नाहीत. भिंतीपाशी गेले, पाटी काढली आणि आबांना म्हणाले, 'चुकलं माझं.' हे शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

आबा लगेच विरघळले. 'जाऊ द्या हो. वय झालं की व्हतं असं. आमच्या चुलत्याला बी असंच व्हायचं, बैल सोडून यायचा आन इचारायचा, बैल कुणी सोडलं. वैनींना दावा कुणा डाक्टरला.' त्यांनी ते अगदी सरळ मनाने सांगितलं. हे गंभीरपणे मान हलवत होते.

तिथून पुढे मला कबुलीची सवयच लागली. गाडी आळ्यात गेली की मी आतूनच ओरडायचे, 'माझाच हात लागला हो!' कधी फुलं वेचताना, कधी मांजर हाकलताना. गॅस बारीक करायचा राहिला, तो मी. दाराला बाहेरून कडी राहिली, ती मी. एकदा यांचा चष्मा पिठाच्या डब्यात सापडला, तोही मीच ठेवला होता. माझी मला गंमत वाटायची आणि रडूही यायचं. पदर डोळ्याला लावला तर यांना वाटायचं, ही आपल्या विसरण्याला रडते आहे. मग हे जवळ येऊन बसायचे.

आणि हे बदलले. ज्या माणसाने जन्मभर माझी आमटी तपासली तो आता जेवताना काही बोलेना. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरू लागला. सकाळी उठून माझ्यासाठी चहा करू लागला. एकदा त्यात साखरेऐवजी मीठ होतं. यांनी उत्सुकतेने विचारलं, 'जमलाय का?' मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायले आणि म्हटलं, झकास. एवढी माया यापूर्वी कधी वाट्याला आली नव्हती आणि आता येत होती ती एका खोट्या आजारावर. खरं सांगते, मला ती हवीहवीशी वाटायची, आणि तेवढंच यांच्याकडे बघून काळीज तुटायचं.

माझा स्वभावच संशयी, त्यामुळे मला मधूनच वाटायचं, की हे असे सहज कसे फसताहेत? तपासणी खात्यातला माणूस, माझी इतकी कच्ची कारणं मुकाट्याने पास करतो कसा? कधी मी 'माझाच हात लागला' म्हटलं की हे क्षणभर थांबायचे. दांड्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ मला लावता यायचा नाही. मग म्हणायचे, 'असू दे. होतं असं.'

एके दिवशी यांनी जाहीर केलं. 'तुला दाखवायचं आहे. पेठेत मेंदूचे डॉक्टर आहेत, वेळ घेतली आहे. घाबरायचं काही नाही.' वेळ खरं तर आबांनी नातवाकडून फोन करवून घेतली होती. मी नको नको म्हणाले, शोभेल इतपतच. आतून मात्र मला सुटल्यासारखं झालं. मी यांना कधी नेऊ शकले नसते. हेच मला नेत होते.

रिक्षातून उतरल्यावर यांनी माझा हात धरला. आम्ही ज्या पेठेत निम्मं आयुष्य काढलं तिथल्या एका वळणावर हे थबकले, आणि मी म्हटलं, 'मला आठवत नाही हो, उजवीकडे होतं ना?' हे म्हणाले, 'हो, उजवीकडेच,' आणि मला सांभाळून घेऊन गेले.

डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. समोर एकच खुर्ची होती, तिच्यात मला बसवलं आणि हे बाजूला स्टुलावर, माझा हात हातात घेऊन. यांनीच सगळं सांगितलं. रुळांचं, दांड्याचं, गॅसचं, चष्म्याचं. एकही गोष्ट माझी नव्हती. मी खाली मान घालून ऐकत होते. डॉक्टर लिहून घेत होते.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. 'आजी, काही साधे प्रश्न विचारतो. आज वार कोणता?'

शुक्रवार होता. सकाळीच मी देवापुढे गूळ-फुटाणे ठेवले होते आणि यांनी ते येताजाता खाल्ले होते. पण मला उत्तर द्यायला एक क्षण उशीर झाला, कारण मी विचार करत होते, की डॉक्टरांना एकटीने गाठून खरं कसं सांगावं. यांना वाटलं, मी अडले. हे माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, 'बुधवार. बुधवार सांग.'

डॉक्टरांनीही ते ऐकलं.

शुक्रवार म्हटलं असतं तर माझी परीक्षा तिथेच पार पडली असती, आणि यांना कळलं असतं. मी वर बघितलं, सरळ डॉक्टरांच्या डोळ्यांत, आणि म्हटलं, 'बुधवार.'

डॉक्टरांनी लिहिलं नाही. पेन तसंच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नजर हटवली नाही. मग ते हळूच यांच्याकडे वळले. 'आजोबा, आजींचं झालं. आता तुम्हालाही थोडं विचारू? इथे पुढे येऊन बसता का?'

'मला?' हे हसले. 'अहो, हिला आणलंय दाखवायला.'

डॉक्टरांनी वहीचं नवं पान उघडलं. यांचं हसू हळूहळू गेलं. यांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कारखान्यात हातातला नग उलटासुलटा करून बघत असतील तसं, सावकाश. माझा हात अजून यांच्या हातातच होता.

'खरं सांग,' हे म्हणाले. 'मी तुला आणलंय, की तू मला?'

मुलांची खोटी उत्तरं पकडण्यात माझा जन्म गेला. खोटं बोलणारा माणूस नजर खाली घालतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी यांच्याकडे बघितलं, पापणीसुद्धा लवू दिली नाही.

'तुम्ही मला आणलंत,' मी म्हटलं. 'पण एकटीला भीती वाटते मला. माझ्यासाठी म्हणून तुम्हीही द्या की उत्तरं.'

यांनी माझा हात दाबला, म्हणाले, 'बरं, तुझ्यासाठी,' आणि मी उठले तेव्हा माझ्या खुर्चीत जाऊन बसले.